उष्ट्या पेल्यांचे शास्त्र

चिटणिसांनी आधी भिंतीतली झडप लावून घेतली आणि मगच आरोपपत्र उघडले. झडपेपलीकडे नळ चालू होता. पेले विसळल्याचा आवाज येत होता. आरोपीच्या कानावर तिच्यावरचा आरोप पडू नये एवढी दक्षता पंचकमिटीने घेतली होती, आणि आरोपी त्या घटकेला पंचकमिटीचेच पेले धूत होती.

“या प्रार्थनामंदिराचे दार स्थापनेच्या दिवसापासून सर्वांना उघडे आहे,” चिटणीस वाचू लागले. “असे असूनही सदर बाई, जी आजवर एकदाही उपासनेस बसलेली नाही, ती रुग्णालयाच्या धुलाईखान्यात दर महिन्यास प्रभुभोजनाचा विधी चालवते. तो विधी अनधिकृत आहे, विपर्यस्त आहे आणि अपात्र लोकांत वाटला जातो.”

पहिले वाक्य खरे होते. खऱ्या वाक्यांची हीच तर सोय असते, की त्यांच्या आडोशाला पुष्कळ काही बसते. दार उघडे होते. दारावर ‘सर्वांचे स्वागत आहे’ अशी पाटी होती, आणि ती पाटी महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसण्याचे काम याच बाईकडे होते. नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या, रुग्णालयाच्या रक्तापुवाच्या चादरी धुणाऱ्या माणसांनी आत येऊ नये असा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. लिहिलेला नसल्यामुळे तो रद्दही करता येत नव्हता.

दुसरे वाक्य मात्र खोटे होते. सव्वीस वर्षांपूर्वी ही बाई एकदा आत येऊन शेवटच्या बाकावर बसली होती. तिला कुणी उठवले नाही. फक्त त्या बाकावरचे सगळे जण, एकामागून एक, अत्यंत सभ्यपणे, पुढच्या बाकांवर सरकले. पुढच्या रविवारी तिला मागच्या मोरीत भोजनाची भांडी धुण्याचे काम देण्यात आले, आणि इतिवृत्तात त्याची नोंद ‘वस्तीत सेवाकार्यास आरंभ’ अशी झाली. मोरी आणि मंदिर यांच्यामध्ये तेव्हाच ती हातभर रुंदीची झडप बसवली गेली. त्यामुळे भांड्यांना ये-जा करता येऊ लागली.

“विपर्यस्त हा शब्द सिद्ध करावा लागेल,” पाळकसाहेब म्हणाले. ते पंचकमिटीचे पदसिद्ध अध्यक्ष होते आणि कोणताही शब्द सिद्ध करण्याची वेळ आली की त्यांना घाम फुटत असे. “उद्या वरून विचारणा झाली तर?”

“सिद्ध काय करायचंय त्यात?” चिटणीस म्हणाले. “धुणंवाली उठून प्रभुभोजन वाढतेय. हे चालवून घेतलं तर उद्या सुतारसुद्धा उपदेश करायला लागतील.”

बारा पंचांपैकी सातव्या खुर्चीवरच्या प्राध्यापकांनी वहीवरून डोळे वर केले.

“तसं एकदा झालेलं आहे, चिटणीस. प्रकरण बरंच लांबलं.”

कुणी हसले नाही. प्राध्यापकांच्या विनोदावर हसण्याआधी तो विनोद आहे ना, याची खात्री करून घ्यावी लागे. प्रभुभोजनाच्या इतिहासावर त्यांनी चार जाडजूड खंड लिहिले होते. त्यांच्या धाकट्या बहिणीच्या मते चौथ्या खंडाच्या तळटिपा वाचणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. परंतु ‘विपर्यास’ ठरवायचा तर शुद्ध रूप ठाऊक असलेला माणूस हवा, आणि असा माणूस पंचकमिटीत एकच होता.

ठराव झाला. प्राध्यापकांनी येत्या रविवारी दुपारी धुलाईखान्यात समक्ष जावे, अधिकृत विधी, आरोपीचा विधी आणि विपर्यास अशा तीन रकान्यांत टिपण करावे आणि आरोपीचा कबुलीजबाब घ्यावा. आरोप सिद्ध झाल्यास बाईंचे काम बंद करावे, आणि रविवारी धुलाईखान्यातली कपड्यांच्या घड्यांची खोली कुलूपबंद ठेवण्याविषयी रुग्णालयास पत्र द्यावे.

सभा संपली तशी झडप उघडली आणि धुतलेले बारा चांदीचे पेले आत आले. चिटणिसांनी ते काचेच्या कपाटात मांडले. प्रत्येक पंचाचा पेला ठरलेला होता. सातव्याचे बूड एका बाजूने चेपलेले होते. प्राध्यापकांच्या आजोबांच्या हातून तो पायरीवर पडला होता, आणि तेव्हापासून टेकवला की क्षणभर डुलून मग स्थिर होई. “घराण्यातच दोष आहे,” असे पाळकसाहेब म्हणत, आणि यावर मात्र सगळे हसत.

*

धुलाईखाना रुग्णालयाच्या तळघरात होता. पायऱ्या उतरताना आधी सोड्याचा वास आला, मग वाफ, मग माणसे. भट्ट्या निवत होत्या. पिळणीची यंत्रे झाकणे उघडी टाकून स्वस्थ पडली होती. रविवारी दुपारी तीन ते चार एवढा एकच तास इथे काम थांबे.

“या साहेब. बूट काढा,” दारातल्या इस्त्रीवाल्याने सांगितले. “पावित्र्यासाठी नाही हो, फरशीसाठी. घसरलात तर वरच्या वॉर्डात न्यायला आम्हालाच उचलावं लागेल.”

प्राध्यापकांनी बूट काढले. ओल्या फरशीवर मोज्यांनी चालणे हे कोणत्याही पदवीला शोभणारे नव्हते, म्हणून त्यांनी मोजेही काढले.

घड्यांच्या खोलीत लांबलचक टेबल होते आणि दोन्ही बाजूंना बाके. चौदा माणसे बसलेली होती. ज्या बाईवर आरोप होता ती टेबलाच्या टोकाला उभी होती. तिला सगळे मावशी म्हणत; तिच्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला मुकादमसुद्धा. तिने ओले हात कमरेच्या फडक्याला पुसले. बोटांची टोके पाण्याने कायमची पांढरी पडून सुरकुतली होती, आणि सोड्याने मनगटापर्यंतची कातडी तुकतुकीत झाली होती.

“मी कशासाठी आलोय ते तुम्हाला ठाऊक आहे?”

“आहे की. भोजनाच्या वेळी झडप लावतात ती मेणबत्त्या विझू नयेत म्हणून. सभेच्या दिवशी लावली की समजायचं, विषय आपला आहे.” तिने बाकाच्या टोकाची मोकळी जागा दाखवली. “बसा सर. ती जागा रिकामीच असते.”

प्राध्यापक बसले. वही उघडून त्यांनी तीन रकाने आखले.

“यातले बाप्तिस्मा झालेले किती?”

चौदा जणांनी एकमेकांकडे पाहिले.

“साहेब,” इस्त्रीवाला म्हणाला, “आम्ही दिवसभर पाण्यातच असतो.”

“तू गप रे,” मावशी म्हणाली. “एकाचाही नाही, सर. कुणाचा देव वेगळा आहे, कुणाचा कुठलाच नाही. तो मुकादम तर देवाचं नाव काढलं की उठून जायचा. मी म्हटलं, नाव नाही काढत, तू नुसता जेवायला बस.”

“आणि बसलात?” प्राध्यापकांनी मुकादमाला विचारले.

“जेवायला कोण नाही म्हणतो?” मुकादम पुटपुटला. “उठायचं मात्र राहून गेलं. सात वर्षं झाली.”

मावशीने टेबलावर पांढरी चादर पसरली. चादर परीटघडीची होती, पण नवी नव्हती. एका कोपऱ्यात रफू होते. इस्त्रीवाल्याचा आवाज अचानक उतरला.

“तीन नंबर वॉर्ड. खिडकीजवळची खाट. गुरुवारी पहाटे गेले. शाळेत गणित शिकवायचे म्हणे. शेवटपर्यंत नर्सला पाढे विचारत होते.”

प्रत्येकाने चादरीच्या काठाला हात लावला. प्राध्यापकांनी पहिल्या रकान्यात लिहिले, ‘शुभ्र तागाचे वस्त्र’. दुसऱ्यात लिहिले, ‘मृताची चादर’. तिसऱ्या रकान्याशी ते थांबले.

“हे कुणी सांगितलं तुम्हाला? मृताची चादर घ्यावी म्हणून?”

“कुणी नाही. तुमचा तो पांढरा कपडा येतो ना झडपेतून, भांड्यांवर झाकलेला? घडीवरून कळतं, कसा झाकला होता ते. तसं कुणाला झाकतात हे धुलाईखान्यातल्या माणसाला शिकवावं लागत नाही, सर. म्हटलं, हे नुसतं जेवण नाही. कुणीतरी गेलंय. ज्याचं अंग गेलं त्याचाच कपडा असणार.”

प्राध्यापकांच्या दुसऱ्या खंडात या वस्त्रावर त्रेचाळीस पाने होती. सहा भाषांतली हस्तलिखिते चाळून, तीन विद्वानांचे मत खोडून, ते एका तपानंतर ज्या निष्कर्षाला पोचले होते, तो निष्कर्ष घडीवरून काढता येतो हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. तिसरा रकाना तूर्त त्यांनी कोरा ठेवला.

“आणि वाढायचं काय, ते कसं कळलं?”

“डागावरून. त्या कपड्यावर दर वेळी थेंब दोन थेंब पडलेले असतात. पाळकसाहेबांचा हात कापतो. नाही का?” उत्तराची वाट न पाहता ती पुढे म्हणाली, “मिठानं फिकट होतो, लिंबानं गुलाबी होतो, सोडा लागला की निळा पडतो. द्राक्षाशिवाय कुणाचा डाग असा वागतो? मग द्राक्षं आणली, चुरडली.”

रस एका भांड्यात होता. शेजारी औषध मोजायचे इवले पेले मांडलेले होते, रुग्णालयाने टाकून दिलेले, भट्टीत उकळून घेतलेले, अंगावर मापाच्या रेघा असलेले. मावशी प्रत्येकात दहाच्या रेघेपर्यंत रस ओतत गेली. ओतताना हात जराही कापत नव्हता.

मग ती बोलू लागली, आणि तिचा आवाज कामावरच्या सूचना देण्याच्या पट्टीतच राहिला.

“त्याला धरून द्यायचं ठरलं होतं. त्याला ते ठाऊक होतं. तरी तो जेवायला बसला. एकटा नाही, सगळ्यांना घेऊन बसला. जो धरून देणार होता तोपण पंगतीत होता, आणि त्यालापण वाढलं. हात आखडला नाही. भाकर घेतली, वर बघून आभार मानले आणि मोडली.” ती थांबली. “सर, इथं झडप लागते. पुढचं मी ऐकलेलं नाही.”

खोलीत कुठेतरी नळ ठिबकत होता.

“सव्वीस वर्षांत?” प्राध्यापकांनी विचारले.

“मेणबत्त्या विझतात ना.”

ती पाव मोडू लागली. आधी सर्वांत नव्या मुलीला, मग भट्टीवाल्यांना, मग इस्त्रीवाल्याला. मुकादमाला सर्वांत शेवटी. पेलेही त्याच क्रमाने गेले. मुकादम आपली पाळी येईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसून राहिला. या माणसाच्या एका शब्दावर तेरा जणांची कामे जात-येत होती.

“शेवटी का?” प्राध्यापक हळूच म्हणाले.

“मोठ्यांनी शेवटी घ्यायचं असतं ना? तुमच्याकडे तसंच आहे की. भांड्यांची चवड येते तेव्हा काचेचे साधे पेले खाली असतात आणि चांदीचे बारा सगळ्यांत वर. जो आधी प्याला त्याचा पेला तळाला. म्हणजे आधी सगळी साधी माणसं, आणि बारा मोठे सगळ्यांच्या मागून. मला ते फार आवडलं होतं, सर. पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी मोरीतच बसले. म्हटलं, त्या दिवशी ती माणसं माझ्याजवळून उठून पुढं सरकली, त्यात माझाच काहीतरी गैरसमज झाला असेल.”

चांदीच्या पेल्यांचे ताट वर ठेवतात ते खालच्या काचा फुटू नयेत म्हणून. आणि बारा पंच सर्वांत आधी पितात. हे सांगायला प्राध्यापकांनी तोंड उघडले. मग मिटले. दोनशे वर्षे जी मंडळी बरोबर ग्रंथ वाचून चुकीच्या रांगेत उभी राहिली, तिच्या भांड्यांची चवड चुकीची वाचून ही बाई बरोबर जागी पोचली होती. त्यांनी पहिल्या रकान्यात लिहिले, ‘प्रथम पंच’. दुसऱ्यात, ‘अखेरीस मुकादम’. तिसऱ्यासमोर पेन बराच वेळ तरंगत राहिले, आणि त्यांच्या ध्यानात आले की विपर्यास आहे, फार मोठा आहे, पण तो या रकान्यात बसणारा नाही.

सगळ्यांचे पिऊन झाले. मावशीने एक पेला अजून भरायचा ठेवला होता. तो तिने दहाच्या रेघेवर न थांबता काठोकाठ भरला आणि अतिशय सांभाळून प्राध्यापकांच्या पुढ्यात, रिकाम्या जागेपुढे ठेवला.

“हा माझा?”

“नाही, नाही. तुम्ही त्या जागेवर बसलात म्हणून तुमच्यासमोर आला. तो न घेणाऱ्याचा.”

“कोण न घेणारा?”

“कोण ते मला काय ठाऊक. पण तुमच्यात असतो एक. दर वेळी त्या चांदीच्या बारांतला एक पेला भरलेला परत येतो. काठाला ओठ लागलेले असतात, पण आतलं तसंच. म्हणजे उचलतो, तोंडाशी नेतो, आणि ठेवून देतो.” तिने फडक्याने टेबलावरचा थेंब टिपला. “आधी वाटलं, आजारी असेल. मग वाटलं, विसरला असेल. पण कुणी नऊ वर्षं विसरत नाही. मग वाटलं, हाच नियम असेल. ज्याला घेववत नाही त्याच्यासाठीपण भरायचा, त्याची जागा धरून ठेवायची, आणि त्यानं नाही घेतला तरी पुढच्या वेळी पुन्हा भरायचा. इतका चांगला नियम कुणी काढला असेल, असं मनात येतं माझ्या.”

“तो एकच पेला असतो, हे कशावरून?”

“बूड चेपलेलं आहे त्याचं. फळीवर ठेवला की डुलतो.”

प्राध्यापकांनी आपल्या अनवाणी पायांकडे पाहिले. नऊ वर्षांपूर्वी चौथा खंड छापून आला. त्या रविवारी त्यांनी पेला हातात घेतला तेव्हा त्याच्याविषयी जे जे जाणता येते ते सगळे त्यांना ठाऊक होते. धातू, आकार, पाठभेद, परिषदांतली भांडणे. आणि पेल्यात डोकावून पाहिले तर आत थोडा रस होता, आणखी काही नव्हते. तेव्हापासून ते दर महिन्याला तो ओठांना लावून परत ठेवत होते. चांदी अपारदर्शक असते. ढोंगाला इतके सोयीचे भांडे दुसरे नाही. हे आपल्याखेरीज कुणालाही ठाऊक नाही अशी त्यांची खात्री होती, आणि ती खात्री चौदा माणसांच्या मध्ये, मृत गणितशिक्षकाच्या चादरीवर, काठोकाठ भरलेली उभी होती.

त्यांच्या तोंडच्या एका नकाराची इथे दर महिन्याला पूजा होत होती. नाही, पूजा हा शब्द चुकीचा. त्यांनी मनातल्या मनात तो खोडला, जन्मभराच्या सवयीने. त्या नकाराला जेवायला बसवले जात होते.

कुणी घाई करत नव्हते. वाफेने खोलीच्या उंच झरोक्याची काच पांढरी झाली होती आणि तिच्यातून आलेला उजेड चादरीवर, चौदा जणांच्या सुरकुतलेल्या हातांवर आणि त्या एका पेल्यावर सारखाच पडला होता. प्राध्यापकांना वाटले की आपण मोठ्याने श्वास घेतला तर हे सगळे सांडेल. चार खंडांत ज्याची जागा त्यांनी कंसांनी आणि तारखांनी वेढून दाखवली होती, ते काहीतरी इथे बाकावर, इतक्या जवळ बसले होते, की त्यांनी नकळत सरकून जागा करून दिली.

मग मावशीने रोजच्या सवयीने तो पेला उचलायला हात पुढे केला, आणि मागे घेतला. पेला टेबलावर होता, पण रिकामा होता.

हे प्राध्यापकांच्या आधी इस्त्रीवाल्याच्या लक्षात आले.

“साहेबांना तहान लागली होती,” तो हलकेच म्हणाला.

“लागणारच,” मावशी म्हणाली. “किती उकडतंय इथं.”

बाकीचे कामाला उठले. चादरीची घडी झाली. भट्ट्यांखाली पुन्हा जाळ घातला गेला. प्राध्यापकांनी वहीचे नवे पान काढले आणि त्यावर ‘आरोपीचा कबुलीजबाब’ असे लिहिले. मावशी त्यांच्यासमोर बसली, हात गुडघ्यांवर ठेवून, आणि सांगू लागली. एका ठिकाणी पेन थांबले.

“हेही लिहू?”

“लिहा की. त्याच्यासाठीच तर सांगतेय.”

“याचा तुम्हाला त्रास होईल. हे कुणी तुम्हाला विचारलेलं नाही.”

“सर, एवढी वर्षं मला कुणी काहीच विचारलेलं नाही.” ती हसली. “जसं बोलते तसंच लिहा बरं का. तुम्ही शिकलेली माणसं सुधारता. सुधारू नका.”

*

पुढच्या सभेला बारा पंच हजर होते. प्राध्यापकांनी वही टेबलाच्या मध्यभागी ठेवली. पहिला रकाना भरलेला होता, दुसरा भरलेला होता. तिसरा वरपासून खालपर्यंत कोरा होता.

“विपर्यास?” चिटणिसांनी विचारले.

“मला आढळला तो आरोपीच्या बाजूचा नाही.”

“म्हणजे काय, प्राध्यापक? तुम्हाला शोधायला पाठवलं होतं!”

“आणि मी शोधला.”

पाळकसाहेबांनी रुमालाने कपाळ टिपले. “असू द्या, असू द्या. बाईंनी कबूल तर केलंय ना? मग ‘आरोपीने आरोप मान्य केले’ एवढं एक वाक्य लिहू, आणि संपवू. पत्राचा मसुदा तयारच आहे.”

“नियम चौदावा,” प्राध्यापक म्हणाले. “कबुलीजबाब आरोपीच्याच शब्दांत, संपूर्ण, पंचांसमोर वाचला जाईल. हा नियम, पाळकसाहेब, आपल्याच आजोबांनी लिहिला आहे. आपण तो वाचला असेलच.”

ते उठले. काचेचे कपाट उघडून त्यांनी सातव्या खणातला पेला काढला आणि टेबलावर ठेवला. पेला डुलला. अकरा माणसे त्याच्याकडे पाहत राहिली. या वेळी कुणाला विनोद सुचला नाही.

मग ते भिंतीपाशी गेले आणि झडपेची कडी काढली. झडप उघडली तसा पलीकडचा नळ बंद झाला. प्राध्यापकांनी चष्मा लावला आणि उभ्यानेच, एकही शब्द न सुधारता, वाचायला सुरुवात केली:

“हो, धुलाईखान्यात पंगत मी मांडते. मला कुणी सांगितलं नाही, मीच मांडते. आत काय चालतं ते मला कधी दिसलं नाही. झडप लागेपर्यंतचं कानानं ऐकलं, आणि पुढचं सगळं उष्ट्या पेल्यांवरून काढलं. त्यात चुकलं असेल तर चूक माझी. बाकीच्यांची खोली बंद करू नका, त्यांना तेवढा एकच तास असतो. आणि तुम्ही विचारलं नाहीत ते पण सांगते, कारण चोरी अंगावर ठेवून मला मरायचं नाही. तो बूड चेपलेला पेला नऊ वर्षं भरलेला परत येतो. त्यातलं मोरीत ओतायला माझा हात धजला नाही. पहिल्या दिवशी कितीतरी वेळ नुसती धरून उभी राहिले. मग प्यायले. तेव्हापासून दर वेळी प्यायले. मला कुणी दिलं नव्हतं, माझ्यासाठी नव्हतं, तेही कळत होतं. पण भूक भागली ती खोटी कशी म्हणू? मी चौदा जणांना वाढते ते त्याच पेल्यातलं आहे. माझ्यापाशी दुसरं येणार कुठून? पेला कुणाचा ते मला माहीत नाही. ज्याचा असेल त्याला वाटत असेल, आपण घेतलं नाही, फुकट गेलं. त्याला एवढं सांगा, वाया काही गेलं नाही.”